थांबवण्याचा हक्क कुणाचा?

पॅरिस ऑलिंपिक सुरू व्हायला तीन दिवस उरले असताना, जुलै २०२४मध्ये, ब्रिटनच्या शार्लट ड्यूजार्डिनने स्पर्धेतून माघार घेतली. ड्रेसाज म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध, लयबद्ध चालींचा खेळ. त्यात तिच्या नावावर तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं होती. माघारीचं कारण होतं काही वर्षांपूर्वीची एक चित्रफीत. तिच्या प्रशिक्षणाखाली शिकणाऱ्या एका मुलीच्या घोड्याच्या पायांवर ती लांब चाबकाने वारंवार फटके मारताना त्यात दिसत होती. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने तिला एका वर्षासाठी निलंबित केलं.

या प्रकरणात एका खेळाडूच्या अधःपतनाची चर्चा खूप झाली. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो दुसरा प्रश्न : हे उघडकीला कुणी आणलं? पंचांनी नाही, पशुवैद्यांनी नाही, महासंघाच्या निरीक्षकांनीही नाही. सरावाच्या वेळी तिथे हजर असलेल्या कुणाच्या तरी कॅमेऱ्याने ते टिपलं आणि बऱ्याच काळाने ते बाहेर आलं. स्पर्धेच्या मैदानात घोड्यावर शेकडो डोळे असतात, पण त्याच्या आयुष्याचा बहुतेक काळ तबेल्यात आणि सरावाच्या रिंगणात जातो. तिथे त्याच्या बाजूने पाहणारं कुणी नेमलेलंच नसतं.

याच्या तीन वर्षं आधी टोकियोत सगळं जगाच्या डोळ्यांदेखत घडलं होतं. आधुनिक पेंटॅथलॉनमध्ये खेळाडूला चिठ्ठीने मिळालेल्या अनोळखी घोड्यावर बसावं लागे आणि ओळख करून घ्यायला जेमतेम वीस मिनिटं मिळत. जर्मनीची आनिका श्लॉय तोवर आघाडीवर होती. तिला मिळालेला सेंट बॉय हा घोडा उडी घ्यायला तयार होईना. ती रडत त्याला चाबकाने मारत राहिली, आणि कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या प्रशिक्षिकेने त्याला ठोसा लगावला. प्रशिक्षिकेला स्पर्धेतून काढलं गेलं. पुढे पॅरिसनंतर पेंटॅथलॉनमधून घोडेस्वारीच वगळली गेली. मात्र एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षातून निसटली. त्याच दिवशी आधीच्या स्वारालाही सेंट बॉयने नकार दिला होता. घोड्याने त्याला शक्य असलेल्या एकमेव भाषेत 'नाही' म्हटलं होतं, तरी त्याला पुन्हा मैदानात उतरवलं गेलं. 'आज हा घोडा पळणार नाही' असं ठरवायला त्या घडीला कुणी पुढे आलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे : प्राण्याच्या कल्याणाचा खरा कस नियमांच्या जाडीवर लागत नाही, खेळ थांबवण्याचा हक्क कुणाच्या हातात आहे यावर लागतो. ज्याला त्या खेळातून पैसा, पदक किंवा मान मिळायचा आहे, त्याच्याच हातात तो हक्क असेल, तर उत्तम नियमही कागदावर राहतात.

हक्क योग्य हातात असला की काय होतं, तेही जगाने पाहिलं आहे. ड्रेसाजमध्ये घोड्याच्या अंगावर ताजं रक्त दिसलं की स्वार बाद होतो. पॅरिसमध्ये अमेरिकेच्या मार्कस ऑर्लोब याची जेन ही घोडी मागच्या पायावर रक्त दिसल्यामुळे बाद झाली आणि तिच्यासोबत अख्खा अमेरिकी संघ सांघिक स्पर्धेतून बाहेर गेला. जखम किरकोळ होती, पण पंचांनी संघ किती मोठा आहे हे पाहिलं नाही. रिओ २०१६मध्ये नेदरलँड्सच्या आडेलिंडे कॉर्नेलिसन हिने आपला आजारी पार्झिव्हल त्रासात आहे हे ओळखून चालू स्पर्धेत स्वतःच लगाम ओढला आणि मैदान सोडलं. पदकापेक्षा घोडा मोठा, हे तिने कृतीने सांगितलं. पण प्रत्येक स्वार कॉर्नेलिसन नसतो. म्हणून नियम कडक लागतात, आणि म्हणूनच नोव्हेंबर २०२५मध्ये महासंघाच्या सभेने उड्यांच्या प्रकारातला रक्ताचा नियम सैल करायला बहुमताने मान्यता दिली, हे मला खटकतं. पंचाला तारतम्य दिलं की त्याच्यावर दडपणही येतं. रक्त दिसलं की थांबायचं, एवढाच नियम असला की वाद घालायला जागाच उरत नाही.

हे सगळं भिवंडीत बसून कशाला लिहायचं, असं कुणी विचारेल. यंत्रमागांच्या आणि गोदामांच्या या तालुक्यात घोडा दिसतो तो मुख्यतः लग्नाच्या वरातीत. पण शर्यतीचं वेड इथल्या मातीत आहे. ठाणे-रायगडच्या आगरी गावांमध्ये बैलगाडा शर्यत म्हणजे घराण्याची इभ्रत. या शर्यतींनी आपल्याला जे शिकवलं, ते ऑलिंपिकवाल्यांनीही शिकण्यासारखं आहे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली. २०१७मध्ये महाराष्ट्राने स्वतःचा कायदा केला, पण उच्च न्यायालयाने तो थोपवला. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना सशर्त वाट मोकळी करून दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने कायदा वैध ठरवला. आता शर्यतीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पशुवैद्याची तपासणी आणि चित्रीकरण लागतं. बैलाला काठी, टोचणी किंवा विजेचा झटका देता येत नाही. नियम मोडला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आहे. अंमलबजावणीत त्रुटी आहेत, हे शर्यतीच्या घाटाकाठी उभा राहणारा कुणीही सांगेल. तरीही जबाबदारी कुणाची, हे निदान कागदावर नेमकं ठरलं. तेही बंदीची झळ बसली म्हणून.

घोड्याच्या बाबतीत हे घडलेलं नाही. आपल्याकडे क्रूरतेविरुद्ध मूळ आधार आहे तो १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा. त्यात पहिल्या गुन्ह्याला किमान १० आणि कमाल ५० रुपये दंड आहे. घोड्याच्या एका वेळच्या चाऱ्यालाही तो पुरायचा नाही. ओझं वाहणाऱ्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांनी काटेरी लगामावर बंदी घातली, पण वरातीतल्या घोडीच्या तोंडात काय आहे हे तपासायला कोण जातं? डीजेच्या भिंतीसमोर, फटाक्यांत, तासन्‌तास उभी राहणारी ती घोडी शांत दिसते आणि आपण समजतो की तिला सवय झाली. घोडा हा मूळचा शिकार होणारा प्राणी आहे. दुखणं दाखवणारा कळपात आधी मारला जातो, म्हणून दुखणं लपवणं त्याच्या रक्तात आहे. त्याच्या गप्प राहण्याला संमती समजणं ही आपली सोय आहे.

जबाबदारीचा हा विचार आपल्याला परका नाही. राज्याभिषेकाच्या आधीच्या एका उन्हाळ्यात चिपळूण परिसरात छावणी करून असलेल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांच्या दरबारातून गेलेलं पत्र इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. रयतेला त्रास देऊ नका म्हणून ते गाजलं, पण त्यातला घोड्यांचा भाग मला तितकाच मोलाचा वाटतो. पावसाळ्यासाठी राखलेली दाणा-वैरण आत्ताच उधळली तर पुढे घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल, असं त्यात बजावलं आहे. आगट्यांबाबत सावध राहा, तंबाखूच्या विस्तवाने गंज पेटला तर सगळी वैरण जाईल, इतक्या बारकाव्यापर्यंत ते पत्र जातं. घोडा मेला तर दोष दुष्काळाचा नाही, नशिबाचा नाही, तो ज्याच्या ताब्यात होता त्या अधिकाऱ्याचा. साडेतीनशे वर्षांपूर्वी हे इतकं स्पष्ट होतं.

यावर एक आक्षेप नेहमी येतो : स्पर्धेचे घोडे तर राजासारखे राहतात, त्यांच्या दिमतीला पशुवैद्य, नालबंद आणि मोतद्दार असतात. हे खरं आहे, आणि पुष्कळ स्वारांचं आपल्या घोड्यावर जिवापाड प्रेम असतं हेही खरं. पण प्रेम आणि उत्तरदायित्व या वेगळ्या गोष्टी आहेत. बैलगाडा मालकही बैलाला पोटच्या पोरासारखं वाढवतो, तरी कायदा लागलाच. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : फार बोट ठेवलं तर खेळच बंद होईल. मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या जून २०१५च्या उच्च न्यायालयाच्या निकालाने बेकायदा ठरल्या. त्यावर जगणाऱ्या कुटुंबांच्या पुनर्वसनाचा प्रश्न उभा राहिला आणि २०२१मध्ये रस्त्यावर बॅटरीवरच्या व्हिक्टोरिया आल्या. मला त्यातून दिसणारा धडा वेगळा आहे. वेळीच कुणी तबेल्यांची, नालांची, विश्रांतीची जबाबदारी घेतली असती, तर गोष्ट न्यायालयापर्यंत गेलीच नसती. बेजबाबदार खेळच शेवटी बंदी ओढवून घेतो.

मग करायचं काय? पहिली गोष्ट, स्पर्धेच्या पशुवैद्याचा आणि पंचांचा खर्च आयोजकांच्या खिशातून थेट जाता कामा नये. आंतरराष्ट्रीय स्पर्धांतही अधिकाऱ्यांच्या प्रवासाचा आणि राहण्याचा भार सहसा आयोजकच उचलतात. तो पैसा एका सामाईक निधीत भरावा आणि नेमणूक बाहेरून व्हावी. दुसरी गोष्ट, मोतद्दाराचं म्हणणं नोंदवलं जावं. घोडा आज खात नाही, डावा पाय उचलून धरतो आहे, पाठीला हात लावू देत नाही, हे सगळ्यांत आधी त्याला कळतं. स्पर्धेआधी घोड्याला दुडक्या चालीने पळवून तो लंगडतो का हे पाहतात. ती दोन मिनिटांची तपासणी मोतद्दाराच्या रोजच्या नजरेची जागा घेऊ शकत नाही. त्याने शंका काढली तर त्याची नोकरी जाणार नाही, याची हमी संघटनेने द्यायला हवी. तिसरी गोष्ट, आंतरराष्ट्रीय घोड्याला पासपोर्ट असतो, अंगात मायक्रोचिप असते. मैदानावरून निवृत्त झाल्यावरही तो कुठे आहे, कुणाकडे आहे, याची नोंद शेवटपर्यंत चालू राहावी आणि ती लोकांना पाहता यावी.

२०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारताच्या ड्रेसाज संघाने सुवर्ण जिंकलं. अश्वक्रीडेतलं ते ४१ वर्षांनंतरचं सुवर्ण होतं आणि त्या संघात मुंबईचा हृदय छेडा होता. आपल्याला २०३६च्या ऑलिंपिकचं यजमानपद हवं आहे. ते मिळवण्याआधी घोड्यांबाबत आपला स्वतःचा, युरोपच्या नियमावलीची वाट न पाहणारा कायदा हवा, आणि त्याची सुरुवात महाराष्ट्राने करावी. बैलगाड्यासाठी आपण हे केलं आहे, तेव्हा जमणार नाही असं म्हणता येत नाही. मैदानात उभ्या असलेल्या एका तरी माणसाला, कुणाचीही भीती न बाळगता, 'हा घोडा आज पळणार नाही' असं म्हणता आलं पाहिजे, आणि त्याचा शब्द शेवटचा असला पाहिजे. हे ज्या देशात शक्य होईल, त्या देशाच्या सुवर्णपदकाचा मला निर्भेळ अभिमान वाटेल.