परसातलं मांजर आणि दहावी नर्व्ह

आजी पदराला गाठ मारायची. रॉकेल आणायचं असो की कुणाला निरोप द्यायचा असो, गाठ तीच. संध्याकाळी ती सोडताना कधीकधी विचारायची, "ही कशाची गं मारली होती?" काहीतरी राहिलंय एवढंच गाठ सांगते.

तिनंच शिकवलेली मूठ याच्या पुढची. तर्जनीच्या उंचवट्यावर जानेवारी, शेजारच्या खळगीत फेब्रुवारी, करंगळीच्या उंचवट्यावर जुलै, की परत तर्जनीपासून ऑगस्ट. उंचवटा म्हणजे 31 दिवस. इथे माहिती वस्तूच्या आकारातच आहे.

मनातल्या वस्तूंची गोष्ट ग्रीसमध्ये सुरू होते. मेजवानीचं छत कोसळलं, प्रेतं ओळखू येईनात, तेव्हा कोण कुठे बसलं होतं हे आठवून सिमोनिडीस या कवीनं ती ओळखून दिली, असं सिसेरो इ.स.पूर्व 55 मध्ये सांगतो. त्याच शतकातल्या एका लॅटिन वक्तृत्वग्रंथात, ज्याचा कर्ता अज्ञात आहे, असं जागांवरून आठवण्याची रीतसर कृती आहे. ओळखीचं घर घ्या, जागोजागी चित्रं ठेवा, दर पाचव्या जागेला खूण करा, पहिल्या पाचव्या जागेला सोन्याचा हात ठेवा. चित्रं साधी नकोत. मुकुट घाला, रक्त माखा. मला मोलाचा वाटतो तो त्यातला एक आग्रह: शिक्षकानं तयार चित्रं देऊ नयेत, ज्यानं त्यानं आपली शोधावीत.

आपल्याकडे नेमकं उलट घडलं. अंकांऐवजी शब्द वापरणाऱ्या भूतसंख्येत चित्रं सगळ्यांची सामाईक: चंद्र एक, नेत्र दोन, अग्नी तीन, वेद चार, बाण पाच. सहाव्या शतकात वराहमिहिर अशीच गणितं लिहितो. शब्द वृत्तात बसतात; चंद्र अडला तर शशी आहे, इंदू आहे. भास्कराचार्यांनी आपला जन्मशक असाच गुंफला: रस, गुण, पूर्ण, मही. सहा, तीन, शून्य, एक. उजवीकडून वाचा: शके 1036, म्हणजे इ.स. 1114. एकानं बांधलेली गाठ दुसऱ्याला सोडवायची होती, म्हणून चित्रं ठरलेली हवीतच.

पण परीक्षेला बसणारा एकटाच असतो. माझी भाची मेडिकलला. मेंदूतून निघणाऱ्या बारा नर्व्हज क्रमानं पाठ होईनात. सीनियर्सनी दिलेलं इंग्रजी वाक्य घोकलं, तर वाक्य आठवे, नर्व्ह नाही. मग एका रात्री आम्ही दोघी मनानं आजीच्या घरात शिरलो. उंबरठ्यावर सोनचाफा: पहिली, वासाची. ओटीवर आजोबांचा चष्मा: दुसरी, दृष्टीची. माजघरात त्रिशूळ टेकवला, कारण पाचवीला तीन फाटे. दहावी व्हेगस, लॅटिनमध्ये भटकणारी. मी सुचवलं, वाटेवरचा वारकरी. ती म्हणाली, "नको मावशी, परसातलं मांजर." आणि तेच बसलं. माझा वारकरी तिच्या डोक्यात एक दिवसही टिकला नसता.

लंडनच्या संशोधकांनी 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विलक्षण स्मरणशक्तीचे दहाजण तपासले, त्यातले बहुतेक स्मरणशक्तीच्या स्पर्धांत अव्वल ठरलेले. बुद्धी चारचौघांसारखीच, मेंदूची ठेवणही; पण दहापैकी नऊजण मनातल्या वाटेवरून चालत होते. पाठ करताना त्यांच्या मेंदूतले रस्ते ओळखणारे भाग जागे होत.

आजीचं घर विकून आता अकरा वर्षं झाली. परवा फोनवर भाची बारावीपर्यंत न अडखळता गेली. दहावीपाशी मात्र क्षणभर थांबली. म्हणाली, "मांजर चुलीपाशी येऊन बसलंय. परत परसात घालवून येते."