पैसा घाट चढून आला

विश्रांतवाडीतून आळंदी रोडने शहराकडे निघालं की आधी डेक्कन कॉलेज लागतं, पुढे नदीवर बंडगार्डनचा बंधारा. दोन्हींच्या बांधकामाला जमशेटजी जीजीभाई घराण्याचा पैसा लागलेला आहे. नदीपलीकडचं ससून रुग्णालय डेव्हिड ससूनच्या देणगीतलं. हा पैसा मुंबईचा, चीनच्या व्यापारात मिळवलेला, आणि त्या व्यापारात कापसाबरोबर अफूही होती. देणगीच्या पाटीवर अफू लिहीत नाहीत, एवढंच.

पुण्यात स्वतःचा पैसा नव्हता असं नाही. पेशवाईत इथल्या सावकारांच्या हुंड्या दूरदूर वटत. ईस्ट इंडिया कंपनीला 1668 मध्ये वर्षाला दहा पौंडांच्या भाड्याने मिळालेली मुंबईची बेटं तेव्हा सुरतेच्या छायेतून नुकतीच बाहेर येत होती. मग बाजी पलटली कशी? बंदर उत्तम होतं, हे शाळेतलं उत्तर. बंदर गोव्यालाही उत्तम होतं.

मला वाटतं, कर्ज कोणाला दिलं यात फरक आहे. पुण्याचा सावकार सरकारला आणि सरदारांना देई, वसुली मुलुखाच्या महसुलातून. 1818 मध्ये राज्य गेलं, तेव्हा ऋणकोच नाहीसा झाला. मुंबईचा व्यापारी मालावर देई. वऱ्हाडात वेचलेला कापूस बैलगाडीने बंदरात येऊन, जहाजाने परदेशी जाऊन, त्याचे पैसे हाती येईपर्यंत महिनोन् महिने जात. ते महिने कोणीतरी अंगावर घ्यायचे. त्यातून उचल, हुंडी, विमा वाढत गेले. 1840 मध्ये बँक ऑफ बॉम्बे निघाली. बंदराने शहराला जकात तर दिलीच, पण त्याहून मोलाची दिली ती वाट पाहण्याची किंमत ठरवण्याची सवय.

ही सवय बिघडलीही. अमेरिकेतलं यादवी युद्ध 1861 मध्ये पेटलं, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना आणि मुंबईत पैसा ओतला गेला. कापूस आणि शेअरचे दलाल प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर कर्जं मिळत. समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या बॅक बे कंपनीचे शेअर लोकांनी डोळे मिटून घेतले. 1865 मध्ये युद्ध संपलं आणि सगळं कोसळलं. बँक ऑफ बॉम्बेही 1868 मध्ये बुडाली. एका माणसाच्या नावावर बाजार चालत नाही, हे त्या शहराला फार महाग पडून कळलं. वडाखाली जमणाऱ्या दलालांनी 1875 मध्ये आपली संघटना बांधली, तीच पुढे मुंबई शेअर बाजार झाली.

याच काळात घाटावर निराळा विचार चालला होता. न्यायमूर्ती रानड्यांनी 1891 मध्ये पुण्याच्या औद्योगिक परिषदेत शेतकर्जावर निबंध वाचला आणि पुढच्या वर्षी याच डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलं. ठेवींचा पैसा एकीकडे, जबर व्याजाने पिचलेला कुणबी दुसरीकडे, मधे दुवा नाही, हे त्यांचं दुखणं. मुंबईने दुवा बांधला तो व्यापारापुरता. कुणब्याच्या वाट्याला त्यातलं फारसं आलं नाही.

तरीही देशाचं केंद्र मुंबई होणार हे ठरलेलं नव्हतं. रिझर्व्ह बँक 1 एप्रिल 1935 रोजी सुरू झाली ती कलकत्त्यात. 1937 मध्ये ती मुंबईला आली. त्याच 1935 साली पुण्यात बँक ऑफ महाराष्ट्र नोंदली गेली. स्वातंत्र्यानंतर स्टेट बँक आणि आयुर्विमा महामंडळ यांची मुख्यालयंही मुंबईत बसली आणि कलकत्ता मागे पडत गेलं.

पुण्यानेही 1982 मध्ये आपला शेअर बाजार काढला. राष्ट्रीय शेअर बाजाराने 1994 मध्ये उपग्रहाने जोडलेल्या संगणकांवर व्यवहार सुरू केले. आता अंतर संपलं, म्हणजे धंदा गावोगाव पांगेल असं वाटावं. झालं उलट: पुण्याचा बाजार वाळला आणि उलाढाल मुंबईतल्या दोन बाजारांत एकवटली. विश्रांतवाडीतला गुंतवणूकदार मोबाइलवरून सौदा करतो, तो तिथेच जातो. मालाची जहाजंही 1989 पासून बव्हंशी खाडीपलीकडे न्हावा-शेव्याला लागू लागली. बंदर सरकलं, पैसा जागीच राहिला.

गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटी या नव्या वित्तीय केंद्राला तर बंदर नाहीच. आंतरराष्ट्रीय वित्तीय केंद्रांचं नियामक प्राधिकरण 2020 मध्ये तिथे बसलं, यावर मुंबईकर चिडतात. करसवलतींनी कार्यालयं हलतीलही. पण दलाल, वकील, हिशेबतपासनीस, विमेवाले एकमेकांसाठीच मुंबईत थांबलेले आहेत, आणि त्यांतला पहिला कोण उठणार हे अजून ठरायचं आहे.