भाईच्या मागची गिरणी

गेवराई तालुक्यातलं तलवाडा हे त्वरिता देवीचं गाव. दसरा उलटला की या पट्ट्यातली कितीतरी कुटुंबं मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला निघतात, पश्चिम महाराष्ट्रात किंवा थेट कर्नाटकात. मुंबईच्या गिरणगावाशी या भागाचा संबंध तसा कमी. गिरण्यांत गेली ती माणसं मुख्यतः कोकणातली आणि घाटावरची; मराठवाडा तर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तरीही ‘सत्या’मधला भिकू म्हात्रे आणि ‘वास्तव’मधला रघू इथे पाठ आहेत. जत्रेतला तंबू, व्हिडिओ, केबल आणि आता मोबाइल, अशा वाटांनी ते गावोगाव पोचले. पोचली ती त्यांची चाल, गळ्यातली सोन्याची साखळी आणि पिस्तूल धरण्याची ढब. ज्या बंद गिरणीच्या सावलीत असली माणसं घडली, ती गिरणी मात्र वाटेतच कुठेतरी गळून पडली.

आधी दोन तारखा. ११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्यात पोलिसांच्या गोळ्यांनी गुंड मन्या सुर्वे मारला गेला. बरोबर सात दिवसांनी, १८ जानेवारीला, डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही, आणि हजारोंना पुन्हा कामावर जाता आलं नाही. पहिल्या घटनेवर हिंदी चित्रपटसृष्टीने २०१३ मध्ये ‘शूटआउट ॲट वडाला’ काढला, जॉन अब्राहमला घेऊन, गाण्यांसकट. दुसरी घटना पडद्याच्या मध्यभागी आणणारा ठळक चित्रपट शोधायला गेलं की महेश मांजरेकरांच्या ‘लालबाग परळ’पाशी (२०१०) थांबावं लागतं, आणि त्याचंही मूळ जयंत पवारांच्या ‘अधांतर’ या नाटकात आहे. एका माणसाच्या मरणाला जेवढा पडदा मिळाला तेवढा अडीच लाखांच्या जगण्याला मिळाला नाही. हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही, कारण गुन्हेगारीच्या सिनेमाचा सगळा इतिहासच अशा दोन घटनांपैकी कोणती निवडायची या प्रश्नाभोवती फिरतो.

अमेरिकेतही सुरुवात अशीच झाली. ‘लिटल सीझर’ आणि ‘द पब्लिक एनिमी’ हे १९३१ चे, ‘स्कारफेस’ १९३२ चा. बाहेर महामंदी होती आणि दारूबंदीने दहा वर्षांहून अधिक काळ चोरट्या दारूचा धंदा पोसला होता. सेन्सॉरच्या दबावापोटी ‘स्कारफेस’ला ‘राष्ट्राची लाज’ अशा अर्थाचं उपशीर्षक जोडावं लागलं, नायकाला फाशी होते असा वेगळा शेवटही चित्रित करावा लागला. लोकांनी पाहिला तो रुबाब. पुढे १९७२ मध्ये ‘द गॉडफादर’ आला आणि त्याची सुरुवात मयताची तयारी करून देणाऱ्या एका साध्या व्यावसायिकाच्या गाऱ्हाण्याने झाली: मुलीवर अत्याचार झाला, कोर्टाने गुन्हेगारांना सोडलं, म्हणून तो डॉनच्या दारात आला आहे. पुढच्या तीन तासांतल्या गोळीबारापेक्षा ही काही मिनिटं जास्त सांगून जातात. न्याय जिथे मिळत नाही तिथे दुसरं दार उघडतं, आणि त्या दाराची किंमत नंतर मोजावी लागते.

मुंबईचा इतिहास याच नजरेने वाचावा. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर हातभट्टीवाला दादा वाढला. सोन्यावर निर्बंध होते तोवर तस्कर वाढला. १९९० मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा गेला आणि त्या धंद्यातली कमाई आटली. मग जमीन आली, बिल्डर आले, खंडणी आली. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट मोकळी केली. कोणत्या मालाची बंदी किंवा टंचाई आहे हे पाहिलं की त्या काळचा भाई ओळखता येतो. चांगला चित्रपट हा माल दाखवतो.

‘दीवार’ (१९७५) म्हटलं की गोदीतली मारामारी आणि ७८६ चा बिल्ला आठवतो. पण विजयचा बाप कामगार पुढारी आहे. बायकामुलांच्या जिवाची भीती घालून मालक त्याच्याकडून सही घेतात, कामगार त्याला गद्दार ठरवतात आणि मुलाच्या हातावर तो कलंक गोंदला जातो. गुन्हेगारी तिथून सुरू होते, एका मोडलेल्या लढ्यातून. ‘अर्धसत्य’ (१९८३) श्री. दा. पानवलकरांच्या कथेवरचा, पटकथा विजय तेंडुलकरांची. अहमदनगरच्या सदाशिव अमरापूरकरांनी त्यात रामा शेट्टी उभा केला, आवाज न चढवता, बसल्या जागेवरून. फौजदार वेलणकर सज्जन आहे आणि हतबलही आहे, कारण गुंडाच्या पाठीशी राजकारण आहे. एन. चंद्रांच्या ‘अंकुश’मध्ये (१९८६) नाक्यावर बसलेली बेकार पोरं आली. १९८९ च्या ‘परिंदा’त नाना पाटेकरांचा अण्णा आगीला घाबरणारा, आतून पोखरलेला. या माणसांसारखं व्हावं असं सहसा कोणाला वाटत नाही, आणि या चित्रपटांचं मोठेपण त्यातच आहे.

‘सत्या’ ३ जुलै १९९८ रोजी आला आणि वळण आलं. राम गोपाल वर्मांचा हा चित्रपट थोर आहे, यात शंका नाही. भिकू आणि त्याची बायको प्यारी यांची भांडणं, पावसातली घरं, निवडणूक जिंकताच भिकूला संपवणारा ‘भाऊ’ हा पुढारी. टोळी आणि राजकारण यांचं नातं इतक्या थंडपणे क्वचितच दाखवलं गेलं. पण ज्याच्या नावाचा हा चित्रपट, त्या सत्याला भूतकाळ नाही. तो कुठून आला, काय करत होता, काही कळत नाही. पटकथेसाठी ही निवड धाडसी होती. नंतर आलेल्यांना ती फार सोयीची ठरली. त्यांनी भूतकाळ वगळलाच, वर ‘सत्या’तलं घरही वगळलं. उरली ती चकमक आणि पार्श्वसंगीत. ‘वास्तव’ (१९९९) त्यातल्या त्यात वेगळा: पावभाजीच्या गाडीवरच्या भांडणातून रघू या वाटेला लागतो आणि शेवटी आईच त्याला गोळी घालते. रीमा लागूंचा तो चेहरा विसरता येत नाही. पण अनुकरण झालं ते गळ्यातल्या साखळीचं.

मराठीत माल पुन्हा पडद्यावर आणला तो प्रवीण तरडेंच्या ‘मुळशी पॅटर्न’ने (२०१८). शेतकरी जमीन विकतो, पैसा उडतो, कुटुंब पुण्याला येऊन हमालीवर पोट भरू लागतं, आणि पोरगा टोळीत जातो. मोहन जोशींचा बाप या चित्रपटाचा कणा आहे. उत्तरार्धात तरडेही रुबाबाच्या मोहात पडतात, तरी सातबाऱ्यावरून नाव गेल्याची कळ शेवटपर्यंत जात नाही.

बीड जिल्ह्याला हा विषय आता पडद्यापुरता राहिलेला नाही. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून खून झाला. पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या आड ते आले म्हणून, असा तपास यंत्रणेचा आरोप आहे. टोळ्यांसाठी १९९९ मध्ये केलेला मोक्का कायदा आरोपींवर लावला गेला. त्या दिवसांत भाषणांतून, बातम्यांतून ‘गँग्ज ऑफ वासेपूर’चं नाव सारखं घेतलं गेलं. ही तुलना मनाला लागते. गावच्या बाजूने उभ्या राहिलेल्या एका सरपंचाचा जीव गेला आणि शब्द मात्र मारणाऱ्यांच्या सिनेमातून आले. त्याच्यासाठी आपल्याकडे सिनेमाच नव्हता.

टोळ्यांखाली भरडलेल्यांकडे पाहणारा सिनेमा इटलीने काढून दाखवला आहे. मात्तेओ गारोनेच्या ‘गोमोरा’त (२००८) नेपल्सच्या टोळ्या आहेत, पण रुबाब नाही. आहेत ते विषारी कचऱ्याने भरलेल्या खाणी, चोरटं शिवणकाम करणारा शिंपी, तुरुंगातल्यांच्या घरी पैसे पोचवणारा घाबरट म्हातारा. त्यातली दोन पोरं १९८३ च्या ‘स्कारफेस’मधल्या टोनी मोंटानाची नक्कल करत फिरतात, समुद्रकाठी बंदुका उडवतात, आणि अखेर टोळीवालेच त्यांना मारून प्रेतं यंत्राने उचलून नेतात. ज्या रुबाबाने पोरांना भुलवलं त्याचा हिशेब सिनेमानेच सिनेमाला विचारला. ‘गोमोरा’ ज्यावर बेतला त्या पुस्तकाचे लेखक रोबेर्तो साव्हियानो २००६ पासून पोलीस संरक्षणात जगत आहेत. असं काम करण्याची किंमत त्यांना चांगलीच ठाऊक आहे.

गेवराईच्या पट्ट्यात असा चित्रपट काढायचा तर माल समोरच आहे: गोदावरीची वाळू. रात्री धावणारे हायवा, कागदावर न दिसणारा उपसा, अडवायला गेलेला तलाठी, आणि तहसीलदारांची गाडी निघाली की फोन लावायला फाट्यावर बसवलेला पंटर. नदीकाठच्या ज्या शेतकऱ्याच्या विहिरीचं पाणी वाळूबरोबर खाली गेलं, त्याच्या घरापासून पटकथा सुरू करता येईल. फाट्यावरच्या पंटरचं वय सोळा-सतरा असेल, हातात मोबाइल आणि त्यावर कुठल्यातरी भाईची रील. त्याचे आईबाप त्याच वेळी कर्नाटकातल्या उसाच्या फडात उचल फेडत असतील. त्या फडात कॅमेरा न्यावा लागेल, आणि तिथला हिशेब, कोयत्यामागे किती, टनामागे किती, मुकादमाचे किती, पडद्यावर पूर्ण मांडावा लागेल.