वारशाची रायफल आणि तिचे मूळ रूप

आपल्या जुन्या घरांपैकी काहींत वारशाने आलेली एखादी लष्करी बंदूक असते. खंडेनवमीला तिला हळदकुंकू वाहिले जाते. उरलेले वर्ष ती कपाटात गंजत राहते. मग नव्या पिढीतील कोणी हौसेने म्हणतो, हिला पुन्हा मूळ रूप देऊ या. या वाक्यातील 'मूळ' हा शब्द विचारात पाडणारा आहे.

ली-एनफिल्डचेच पाहा. 1895 साली ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेली ही .303 ची, दहा काडतुसे घेणारी रायफल पुढे बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात तयार होऊ लागली. त्यांतील कित्येक रायफली पोलीस आणि पहारेकरी यांच्यासाठी मुद्दाम बदलण्यात आल्या. नळीतील आटे काढून ती गुळगुळीत व रुंद केली, सैन्याचे काडतूस चालू नये म्हणून .410 चे वेगळे काडतूस योजले आणि मॅगझिनच्या पोकळीत लाकडी ठोकळा बसवला. एका वेळी एकच गोळी. शस्त्र देणाऱ्याचा ते धरणाऱ्या हातावर विश्वास नव्हता, हे त्या ठोकळ्याइतके स्पष्ट कोणत्याही सरकारी कागदात दिसणार नाही. 1857 नंतरचे धोरणही तेच होते: गोऱ्या पलटणींना नवे हत्यार आणि हिंदी पलटणींना एक पिढी मागचे.

आता मूळ रूप कोणते? इशापूरला घडलेले, की नंतर बिघडवलेले? रायफल हे नाव आट्यांवरून आले. आटे गेल्यावर ते नावही उरत नाही. नागसेनाने मिलिंद राजाला विचारले होते, चाक म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय? पण तो प्रश्न नावाचा होता. आपला प्रश्न कर्तव्याचा आहे, आणि तो नागसेनाच्या उत्तराने सुटत नाही.

ठोकळा काढून, नवी नळी बसवून आजोबांचा मान राखला जातो, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. आजोबांनी जन्मभर पहारा दिला तो या अधू बंदुकीनिशी. त्यांना कधीच न मिळालेले हत्यार आज त्यांच्या नावे भिंतीवर टांगणे, हा मान नव्हे. शिवाय त्या नळीसमोर उभे राहणारेही बहुधा आपल्याच देशाचे होते. बंदूक झळझळीत झाली की ही गोष्ट विसरणे फार सोपे जाते.

कायद्याचा भाग थोडक्यात सांगतो. 1959 च्या शस्त्र अधिनियमानुसार विनापरवाना कारागिराकडून दुरुस्तीही करवता येत नाही, मग रूपांतर दूरच. दुरुस्तीनेही न चालणाऱ्या पुराणवस्तूला मात्र तो कायदा लागू होत नाही. हत्यार पुरते मेले की मोकळे, असा हा न्याय!

गंज थांबवावा, हे मात्र खरेच कर्तव्य आहे. लोखंडाला हलके तेल आणि दस्त्याला जवसाचे तेल पुरते. काचकागद टाळावा, कारण लाकडावरील तपासनिसांचे शिक्के आणि तळहातांनी आणलेला काळेपणा दोन्ही त्याने एकदमच जातात. बोल्टवरचा क्रमांक नळीवरच्या क्रमांकाशी जुळत नसेल तर तो तसाच राहू द्यावा. आणि घरातील मुलाने ठोकळ्याकडे बोट दाखवून हे लाकूड इथे कशाला, असे विचारले, तर त्याला वय पाहून, पण खरे तेच सांगावे.