नांवाचा रकाना

संगणकावरील गाण्यांच्या मांडणीसाठीं कोणतें सॉफ्टवेअर निवडावें, हा प्रश्न प्रथमदर्शनीं नीतिशास्त्राच्या वाटेस जाणारा दिसत नाहीं. काटोलच्या घरीं वडिलांपासून सांचलेल्या तबकड्या आम्हीं संगणकांत उतरविल्या, आणि आतां केवळ एक चांगला कारकून नेमावयाचा आहे अशा समजुतीनें कामास लागलों. परंतु कारकुनानें पहिलाच प्रश्न विचारिला कीं, हें गाणें कोणाचें?

पुढें ‘स्वयंवर’ नाटकांतील एक पद होतें. नाटक १९१६ चें. गळा बालगंधर्वांचा, शब्द खाडिलकरांचे, चाल भास्करबुवा बखल्यांची. ‘कलावंत’ या रकान्यांत बालगंधर्व लिहिलें कीं यंत्राचें समाधान होतें. आमचें झालें नाहीं. १९२२ सालीं निवर्तलेल्या भास्करबुवांच्या स्वतःच्या गायनाचें ध्वनिमुद्रण उपलब्ध नाहीं. ज्यांचा आवाज गेला, त्यांचें नांवही आमच्या आळसामुळें जावें काय?

आमचे एक स्नेही म्हणतात, ऐकणारास गोडी पुरे. संत्रें कोणाच्या बागेंतलें हें खाणारा कोठें विचारतो? संत्र्यांच्या या गांवीं हा दृष्टान्त चटकन् पटतो. जात्यावरच्या ओव्या कोणी रचिल्या हें ठाऊक नसल्यानें त्यांची गोडी उणी झाली नाहीं, हेंही खरें. पण तेथें नांव काळानें पुसलें. येथें तें आम्हांस ठाऊक असून आम्हीच गाळणार!

यंत्राचा दोष फार नाहीं. एम्‌पीथ्री फायलींत नांवें नोंदण्याची १९९६ ची मूळ पद्धत गीत, कलावंत व संग्रह यांस प्रत्येकीं ३० अक्षरें देई. रागास जागाच नव्हती. पुढें संगीतकार व कवि यांचे स्वतंत्र रकाने झाले. ‘फ्लॅक’ फायलींत तर हवा तो रकाना करतां येतो, आणि ‘फूबार२०००’ त्यावरून मांडणीही करून देतें. तेंच आम्हीं निवडलें. आधींचें एक सॉफ्टवेअर नांवें स्वतःच्याच वहींत ठेवी. संगणक बिघडला तेव्हां गाणीं दुसऱ्या प्रतींतून मिळालीं, नांवें मात्र गेलीं. आतां तीं फायलींतच लिहितों.

एक अडचण उरली. आमच्या तबकडीवर तबलजीचें नांव नाहीं. अहमदजान थिरकवाँ गंधर्व नाटक मंडळींत होते. त्यांचें नांव लिहिण्याचा मोह अनावर झाला. पण वाजविणारा दुसराच कोणी असेल तर? ‘साथ’ या रकान्यांत तूर्त आम्हीं ‘अज्ञात’ असें लिहिलें आहे.