कारखाना येणे आणि उद्योग रुजणे

1999 साली ब्राझीलच्या रिओ ग्रांदे दो सुल या दक्षिणेकडच्या राज्यात सत्तापालट झाला. आधीच्या सरकारने फोर्ड कंपनीला भरघोस सवलती कबूल केल्या होत्या. नवे गव्हर्नर ओलिव्हिओ दुत्रा यांनी त्यांचा फेरविचार सुरू केला. फोर्डने वाट पाहिली नाही. ईशान्येकडच्या बाईया राज्याने लगोलग जास्तीची बोली लावली आणि 2001 मध्ये कामासारी येथे कारखाना सुरू झाला. हातचा प्रकल्प घालवल्याचा ठपका दुत्रा यांच्यावर पुढे कायम राहिला. जानेवारी 2021 मध्ये मात्र फोर्डने ब्राझीलमधले उत्पादनच बंद करत असल्याचे जाहीर केले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भारतातलेही. जिंकलेल्या राज्याच्या पदरात वीसेक वर्षे पडली.

आपल्याला ही गोष्ट परकी वाटू नये. 3 ऑक्टोबर 2008 रोजी टाटांनी नॅनो मोटारीच्या कारखान्यासाठी घेतलेले पश्चिम बंगालमधले सिंगूर सोडले आणि चारच दिवसांनी गुजरातमधल्या साणंदचा करार झाला. ज्या नॅनोसाठी गुजरातने नाममात्र व्याजाचे कर्ज आणि हजाराहून अधिक एकर जमीन दिली, तिचे उत्पादन 2018 मध्ये थांबले. तरीही कोणताही मोठा प्रकल्प शेजारच्या राज्यात गेला की आपल्याकडे, महाराष्ट्रात, ‘पळवला’ हा शब्द हमखास ऐकू येतो. आरोप करणारे आणि खुलासा देणारे, दोघेही एक गोष्ट गृहीत धरतात : मोटारींचा कारखाना ही बोली लावून मिळवायची वस्तू आहे. माझे म्हणणे असे, की सवलतीने फार तर कारखान्याची जागा ठरते. त्याचे आयुष्य ठरत नाही, आणि त्याच्याभोवती उद्योग उभा राहील की नाही, हे तर मुळीच ठरत नाही.

कंपनी जागा कशी निवडते, हे पाहिले की यातला व्यवहार उलगडतो. बंदर किती लांब, रस्ता कसा, वीज किती खात्रीची, सुटे भाग देणारे व्हेंडर जवळ आहेत का, डायमेकर आणि वेल्डर मिळतात का, या प्रश्नांवर बहुतेक ठिकाणे आधीच गळतात. शेवटी तुल्यबळ अशा दोन-तीन जागा उरतात आणि तेव्हा कुठे सवलतींची बोलणी सुरू होतात. आपण कुठे जायचे, हे कंपनीला बरेचसे ठाऊक असते. राज्याला ते ठाऊक नसते. त्यामुळे जे फुकट आले असते, त्यासाठीही राज्य पैसे मोजते. 1993 मध्ये अमेरिकेतल्या अलाबामाने मर्सिडीजच्या सुमारे दीड हजार नोकऱ्यांसाठी 25 कोटी डॉलरहून मोठे सवलतींचे गाठोडे दिले, म्हणजे नोकरीमागे दीड लाख डॉलरपेक्षा जास्त. पुढे तिथे इतरही मोटार कंपन्या आल्या, म्हणून तो सौदा फायद्याचा झाला असे समर्थक म्हणतात. ते खरे धरले, तरी त्यापेक्षा कमी रकमेत मर्सिडीज आली नसती, हे त्यातून सिद्ध होत नाही.

आता पुण्याकडे पाहू. 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, 1964 मध्ये सामूहिक प्रोत्साहन योजना आली. सरकारचा हात होताच. पण त्या काळातला सर्वांत बोलका पुरावा टेल्कोचा, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचा आहे. 1966 मध्ये कंपनीचे प्रमुख सुमंत मुळगावकरांनी पिंपरी-चिंचवड परिसरात काम सुरू केले ते गाड्यांनी नव्हे, हत्यारे आणि यंत्रे घडवण्यापासून, आणि ती चालवणारे हात तयार करण्यापासून. पुण्यात बनलेले पहिले व्यापारी वाहन बाहेर पडले 1977 मध्ये. आज एखादा उद्योगमंत्री सामंजस्य कराराच्या छायाचित्रानंतर अकरा वर्षे थांबेल, अशी कल्पना तरी करता येते का? पण त्या अकरा वर्षांत टूलरूम उभे राहिले, प्रशिक्षणार्थी तयार झाले. त्यातले अनेक पुढे भोसरी-चिंचवडच्या शेडमध्ये स्वतःची लेथ टाकून जॉबवर्क घेऊ लागले. ज्या वर्षी टेल्को आली, त्याच वर्षी वाहनांच्या चाचणी-संशोधनासाठी एआरएआय ही संस्थाही पुण्यात निघाली. अभियांत्रिकी महाविद्यालय तर 1854 पासूनचे. फोक्सवॅगन, महिंद्रा, मर्सिडीज यांनी चाकण निवडले, ते या साठलेल्या भांडवलामुळे. सवलत त्यांनाही मिळाली. पण ती शेवटची ओळ होती, पहिली नव्हे.

याचा उलटा ताळा तळेगावात मिळतो. जनरल मोटर्सचा कारखाना 2008 मध्ये सुरू झाला आणि डिसेंबर 2020 मध्ये त्याचे उत्पादन थांबले. कामगारांची लढाई लांबली, एका चिनी कंपनीशी ठरलेला विक्रीव्यवहार बारगळला. पण जागा ओस राहिली नाही. 2023 मध्ये ती घेण्याचा करार ह्युंदाईने केला. कंपनी गेली तरी व्हेंडर, रस्ता आणि कसबी माणसे तिथेच होती. जे मागे राहते, तेच राज्याचे.

यावर एक रास्त आक्षेप येतो. पुण्याला साठ वर्षे मिळाली; ज्या भागाकडे काहीच नाही, त्याने काय करायचे? साणंदचेच पाहा. नॅनो गेली, पण तिथे फोर्डही आली होती, आणि फोर्डने गाशा गुंडाळल्यावर तिचा कारखाना टाटांनीच घेतला. म्हणजे गुजरातची बोली वाया गेली असे म्हणता येणार नाही. आक्षेप मला मान्य आहे, पण साणंदमध्ये टिकले ते काय, हेही पाहायला हवे. मोकळी, वादमुक्त जमीन, रस्ता आणि एकामागून एक आलेले व्हेंडर टिकले; ज्या मोटारीसाठी कर्ज दिले, ती टिकली नाही.

आपल्याकडे वाळूजचे उदाहरण याहून स्पष्ट आहे. 1985 मध्ये बजाजने मराठवाड्यात दुसरा कारखाना काढला. मागास भागाच्या सवलती होत्याच. पण त्या सार्थकी लागल्या त्या आसपास वाढलेल्या पुरवठादारांमुळे. एंड्युरन्स आणि व्हॅरॉक या कंपन्या तिथे लहान पुरवठादार म्हणून सुरू झाल्या आणि बजाजच्या पलीकडे जाऊन देशी-परदेशी कंपन्यांना माल देऊ लागल्या. सवलतीची खरी परीक्षा हीच आहे : पहिल्या गिऱ्हाइकावाचून उभे राहू शकतील असे किती स्थानिक उद्योजक तिच्यातून तयार झाले?

या परीक्षेची निकड दोन कारणांनी वाढली आहे. पहिले कारण कराचे. जुलै 2017 पूर्वी राज्याबाहेर विकलेल्या मोटारीवरचा केंद्रीय विक्रीकर उत्पादक राज्याच्या तिजोरीत येई. वस्तू व सेवा कर हा उपभोगाच्या ठिकाणचा कर आहे. चाकणची मोटार लखनौत विकली गेली, तर राज्याचा वाटा उत्तर प्रदेशाला जातो आणि निर्यातीवर तर कर नाहीच. कारखाना उभारणाऱ्या राज्याची कमाई घटली. बोलीची भाषा मात्र जुनीच राहिली. दुसरे कारण विजेवरच्या वाहनांचे. पिस्टन, गिअर, इंधनप्रणालीचे भाग बनवणाऱ्या लहान कारखान्यांचे काम येत्या काळात आटणार आहे. नव्या प्रकल्पांच्या घोषणा होत असताना, भोसरी-वाळूजमधल्या त्या कारखानदाराला यंत्रे बदलायला भांडवल आणि शिकायला वेळ कोण देणार, हा प्रश्न मात्र मागे पडतो. तो कारखानदार मोडला, तर पुढच्या कंपनीला महाराष्ट्रात येण्याचे सर्वांत मोठे कारणच नाहीसे होईल.

रोजगाराचा हिशेबही याच कसोटीवर घासायला हवा. करारात नोकऱ्यांचा आकडा असतो, स्थानिकांच्या टक्केवारीची अट असते; पण त्यातल्या कायम किती, कंत्राटी किती, आणि शिकाऊ म्हणून वर्ष-दोन वर्षांत बदलले जाणारे किती, हे जनतेपुढे सहसा येत नाही. मुळगावकरांच्या टूलरूममधला मुलगा पुढे कारखानदार होऊ शकला, कारण त्याला कसब अंगी मुरवण्याइतका काळ मिळाला. दर अकरा महिन्यांनी गेटबाहेर पडणाऱ्या मुलाकडे भाड्याची खोली आणि अनुभवाचा दाखला एवढेच उरते.

म्हणून सवलती थांबवा असे मी म्हणत नाही; एकट्या राज्याने थांबवल्या, तर दुत्रांसारखी गत होईल. त्या उघडपणे आणि अटींवर द्याव्यात. प्रत्येक विशाल प्रकल्पाचा करार विधिमंडळापुढे यावा, दरवर्षी किती परतावा दिला ते प्रसिद्ध व्हावे, मुदतीआधी कंपनी गेली तर रक्कम वसूल करण्याचे कलम असावे आणि परताव्याचा काही भाग स्थानिक पुरवठादारांकडून होणाऱ्या खरेदीशी व कायम नोकऱ्यांशी बांधलेला असावा. त्याच वेळी तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्त्यावर ट्रक तासन्‌तास अडकत असतील आणि आयटीआयमध्ये जुनाट यंत्रांवर शिक्षण चालू असेल, तर एका कंपनीच्या परताव्यापेक्षा तिथे खर्च झालेला रुपया अधिक काळ कामाला येईल. कारण रस्ता आणि कारागीर कोणत्याही एका कंपनीचे नसतात, आणि ती गेली म्हणून तिच्याबरोबर जातही नाहीत.