कागदावर नसलेलं नाव

गुलमंडीत सुपारी हनुमानाजवळच्या एका गल्लीतलं दुमजली घर विकायला निघालं होतं. मालक कापडाचे व्यापारी. सगळी गल्ली त्यांना बापू म्हणे. गिऱ्हाईक म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर. फंडाची सगळी पुंजी ते या घरात घालणार होते.

कागद चोख होते. वकिलांनी तीस वर्षांचा सर्च काढला. कुठे गहाण नाही, बोजा नाही. जाहीर नोटिशीवर हरकत आली नाही. प्रॉपर्टी कार्डावर बापू आणि त्यांचा धाकटा भाऊ, अशी दोन नावं.

इसाराचा चेक पुढे करताना कंडक्टरांनी विचारलं, "बापू, आणखी कुणाचा हिस्सा तर नाही ना?"

"सर्च क्लिअर आहे, काका," दलालच बोलून गेला.

बापूंनी चेक परत सरकवला. "माझी थोरली बहीण आहे, जालन्याला दिलेली. वारसनोंदीच्या अर्जात आम्ही भावांनी तिचं नाव लिहिलंच नाही."

घर वडिलांच्या स्वकमाईचं. आई आधीच गेलेली. वडीलही मृत्युपत्र न करता गेले. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने अशा घरात मुलगी मुलांच्या बरोबरीची वारस, म्हणजे आक्काचा हिस्सा एक तृतीयांश. पण सर्चमध्ये सापडतात ते नोंदवलेले दस्त. आक्काचं नाव कुठे चढलंच नव्हतं, तर ते सापडणार कसं?

वकील म्हणाले, "बापू, बरं केलंत. कार्डावरून नाव गाळलं म्हणून वारसाचा हक्क जात नाही. आणि घेणाऱ्याला नेहमीच्या चौकशीत न सापडणारा मालकीतला दोष विकणाऱ्याला माहीत असेल, तर तो त्याने सांगायलाच हवा. १८८२चा मालमत्ता हस्तांतरण कायदाच तसं सांगतो."

बापू जालन्याला गेले. आक्काने चष्मा लावून कार्डावर बोट फिरवलं. वडिलांच्या पाठी दोनच नावं.

"हक्कसोड लिहून मागायला आलास?"

"नाही आक्का. सहीला चल, आणि तुझा वाटा घे."

"घेणार तर! बापाने तिघांसाठी बांधलंय ते."

धाकट्याने कुरकुर केली, पण बापू हटले नाहीत. नगर भूमापन कार्यालयात आक्काचं नाव लागलं. मग दुय्यम निबंधकांपुढे खरेदीखतावर तिघांनी सह्या केल्या, अंगठे दिले. किमतीचे तीन सारखे वाटे झाले. बापूंच्या हाती ठरल्यापेक्षा कमी पैसे आले. कंडक्टरांच्या हाती मात्र असं घर आलं, ज्यावर उद्या कुणी दावा लावणार नव्हतं.

तात्पर्य : कागद लिहिलेलं तेवढंच सांगतो. गाळलेलं नाव फक्त विकणाऱ्याला ठाऊक असतं, म्हणून निर्वेध मालकीची पहिली जबाबदारी त्याच्या सचोटीवर असते.